म्हातारी बोडी

त्या गावात येऊन मला आठ दिवसही झाले नव्हते आणि तिथल्या न्हाव्यानं मला दारातूनच वाटेला लावलं. काम ऐकल्यावर त्यानं हातातला वस्तरा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कुणाचा गळा चिरायला सांगतोय. 'बाईमानसाचे केस? मी नाई काढत जी,' एवढं बोलून तो आत निघून गेला. मी ओट्यावर तसाच उभा. न्हाव्यानं नाही म्हणावं असं हे काम आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

काम माझ्या आत्याचं होतं. मी साताऱ्याकडचा, चित्रकलेचा मास्तर. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता आणि आमच्यासारख्या देशावरच्या मास्तरांच्या बदल्या तिकडे होऊ लागल्या होत्या. हल्लीची गडचिरोलीही तेव्हा चांद्यातच. वैनगंगेच्या अलीकडे तालुक्याच्या एका गावात माझी नेमणूक झाली. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं मला वाढवलं, त्यामुळे ती माझ्याबरोबर आली. ती पंधराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत आणि अंगावर तांबडं आलवण. मी तिला दुसऱ्या कुठल्या रूपात पाहिलेलंच नाही.

आमच्याकडे अशा बाईला बोडकी म्हणत. आमच्या गल्लीतल्या कार्ट्यांना तेवढाही दम नसे, ती आत्याच्या मागे 'बोडी, बोडी' करत धावत. त्या शब्दापायी मी दोनदा मारामाऱ्या केल्या आणि एक दात अर्धा तोडून घेतला. एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे झालं त्यात चूक माझी असली तरी ती चूक माझ्या कानात किती जुनी होती हे कळावं.

चांद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर आत्या ट्रंकेवर बसली आणि मला म्हणाली, 'इथं मला कुणी ओळखत नाही. तसंच राहू दे. मला चारचौघांत आणू नकोस.' मी हो म्हणालो. आयुष्यभर माझ्यासाठी खस्ता खाल्लेल्या बाईनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ती पाळणं काही कठीण नाही, असं मला वाटलं होतं.

न्हाव्याकडे मी आणखी तीन खेपा घातल्या. धर्माचं आहे म्हणून सांगितलं, हातापाया पडलो. शेवटी तो तयार झाला. महिन्यातून एकदा मी निरोप धाडायचा, मग तो मागच्या दारानं यायचा आणि मान फिरवून, जेवढ्यास तेवढं पाहून हजामत करायचा. जाताना माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा. शिकलेसवरलेले आम्ही, आणि हा न्हावी आम्हाला मान फिरवून दाखवतो.

घराच्या भिंतीवर आरसा नव्हता. आत्यानं केस गेल्यापासून आरशात पाहिलेलं नव्हतं, तिच्या घरी तशी रीतच होती. माझा दाढीचा आरसा तळहाताएवढा, तो मी ट्रंकेत सदऱ्यांच्या घडीखाली ठेवी आणि दाढी ओसरीवर उरकून घेई.

भाऊंची आणि माझी ओळख दिवाळीच्या महिनाभर आधी झाली. भाऊ म्हणजे आमच्या गावापासून सहा कोसांवरच्या एका खेड्यातले धान पिकवणारे वयस्कर शेतकरी आणि तिथल्या नाटकमंडळीचे मुख्य. त्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची जास्त. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि नाटक होतं. नाटकावाचून मंडई म्हणजे नवऱ्यावाचून लग्न, असं भाऊंचं मत. त्यांचा जुना पडदा उंदरांनी खाल्ला होता आणि त्यांना नवा हवा होता. गावात चित्रं काढणारा मास्तर आलाय म्हटल्यावर बैलगाडी जुंपून नवराबायको दोघंही आली.

मी ओसरीवर भाऊंशी बोलत होतो आणि त्यांची बायको सरळ स्वयंपाकघरात शिरली. आत्या कुणाला आत येऊ देत नसे. मी उठेपर्यंत त्या बाईचा आवाज आला. ती आत्याला विचारत होती, 'तिरुपतीले गेल्ता काय, बाई? कोनता नवस होता?'

खाली सिरोंच्याकडे तेलुगू माणसांत बायासुद्धा नवस फेडायला तिरुपतीला केस देतात, ते तिनं पाहिलेलं. बाईचं डोकं भादरलेलं असायला याखेरीज काही कारण असू शकतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्याकडे नवरा मेला तर बाई पाट लावत असे, नाहीतर शेत करत असे. केसांचा त्यात काय संबंध? आणि जन्मात कधी खोटं न बोललेली माझी आत्या शांतपणे म्हणाली, 'हो. नवसच.'

मला ठसका लागला. भाऊंनी पाणी दिलं.

त्या दिवसापासून ती बाई दर बाजाराच्या दिवशी यायची, आत्याशी तासभर बोलायची आणि काही ना काही ठेवून जायची. आत्या तिची वाट बघू लागली होती, हे मला दिसत होतं. तिचं ते खोटं मीही मोडलं नाही.

पडद्यावर काय काय हवं याची भाऊंनी कोतवालाकडून चिठ्ठी लिहवून आणली होती. ती मला अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे. 'मांगं डोंगर. डाव्या हाताले मोहाचं झाड. मधात म्हातारी बोडी. मोठी काढा, साऱ्यायले दिसली पायजे. आमचं समदं तिच्यावरच हाय.'

चिठ्ठी वाचून मी हादरलो. आमच्या गल्लीतला तो शब्द पाचशे मैलांवर माझ्या आधी येऊन बसला होता. नाटक कोणतं म्हणून विचारलं तर भाऊ म्हणाले, सामाजिक. मग माझ्या डोक्यात सगळं चटाचट जुळलं. विधवेच्या हालांवरचं नाटक असणार, तीच त्यातली मुख्य, नाटक सगळं तिच्यावरच. खेड्यातल्या माणसांनी असलं नाटक करावं याचं मला कौतुक वाटलं आणि शब्द असा उघडा लिहावा याचा रागही आला. पण मास्तर माणसानं विचारायचं कसं? विचारणं हा मला कमीपणा वाटे. तरी एकदा आडवळणानं विचारलं, की ती दाखवायची कशी? भाऊ म्हणाले, चांगली भरलेली दाखवा, उन्हाळ्यातली नको, तेव्हा तिच्याकडे पाहवत नाही. वय किती म्हटलं तर म्हणाले, माझ्या आज्याच्याही आधीची. मी मान डोलावली. भाऊ जरा वाढवून बोलतात, असं मनाशी म्हटलं.

आता पडदा. मुंबईच्या चित्रशाळेत आम्हाला तयार कॅनव्हास मिळायचा, लाकडी चौकटीवर ताणलेला, वर अस्तर मारलेला. इथं बैलगाडीतून आला तो मांजरपाटाचा गठ्ठा, सहा पन्ने एकाखाली एक शिवलेला. एवढं मोठं कापड मी जन्मात रंगवलेलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागली होती, शाळेचा हॉल मोकळा होता, म्हणून काम तिथं मांडलं.

कापडाला गिरणीची खळ असते. ती राहिली तर रंग वरच्या वर राहतो आणि महिन्यात पापुद्रे सुटतात. म्हणून कापड नदीवर नेऊन तीनदा आपटून धुतलं. मग हॉलच्या दोन भिंतींना बांबू बांधले आणि वीतवीतभर अंतरावर सुतळी ओवून ते बाजेसारखं ताणलं. ओलं असताना ताणायचं, म्हणजे वाळताना आपोआप आवळतं. टिचकी मारली की ढब असा आवाज आला पाहिजे. माझ्या पहिल्या ताणण्यात आवाज सोडा, कापडाच्या मध्ये पोट आलं. सगळं सोडून पुन्हा.

मग अस्तर. खडूची पूड सरसात कालवून ती लावतात, म्हणजे कापडाची भोकं बुजतात आणि रंगाला बसायला जागा मिळते. सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा. तो मी चुकून घरच्या अंगणात उकळायला ठेवला. आत्यानं पदर नाकाला लावला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ही अडचण भाऊंच्या बायकोनं सोडवली. तिनं धावड्याचा डिंक आणला, जंगलातला, मधासारखा पिवळा. तो भिजत घातला की सकाळपर्यंत विरघळतो आणि वास नाही. एकच खोट, निव्वळ डिंक वाळला की कडक होतो आणि पडदा गुंडाळला की तडकतो. त्यावर तिचा उपाय म्हणजे डिंकात थोडा गूळ घालायचा. मी हसलो. पण कोपऱ्यावर करून पाहिलं, कापड बोटाभोवती गुंडाळलं आणि एक तडा गेला नाही. चित्रशाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. फक्त तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलात गेलो तर मुंग्यांची रांग पडद्यावर चढत होती. मग बांबूच्या चारी टोकांना हळद चोपडली.

पहिला हात आडवा मारला, वाळू दिला, दुसरा उभा. कवडीनं घासून पृष्ठभाग गुळगुळीत केला. मग दोरी गेरूच्या पाण्यात बुडवली, एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं ताणून धरलं आणि मध्ये उचलून सोडली, की सरळ लाल रेघ उमटते. अशा उभ्याआडव्या रेघांनी पडद्याचे चौकोन पाडले. कागदावरच्या लहान चित्राचेही तितकेच चौकोन. आता एका वेळी एकच चौकोन बघायचा आणि कोळशानं मोठा करून उतरवायचा.

रंग लांबून जवळ येतो. आधी आभाळ, मग डोंगर, मग झाड, सर्वांत शेवटी माणूस. आभाळाला नीळ आणि खडू. वरून सुरुवात करायची आणि खाली येईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर जिथं थांबलो तिथं पट्टा दिसतो. या रंगाची दुसरी खोडी अशी, की ओला असताना गडद आणि वाळला की निम्मा फिका. माझं पहिलं आभाळ वाळल्यावर धुतलेल्या धोतरासारखं दिसू लागलं. तिसऱ्या खेपेला जमलं. डोंगराला निळ्यात थोडा गेरू, म्हणजे तो मागे सरकतो. मोहाच्या झाडाला काजळी, पिवडीची पिवळी माती आणि नीळ, आणि खोडावर उजेडाच्या बाजूला फटकाऱ्यानं खडू. ब्रश मोठा नव्हता, शिंदीच्या झावळीचे देठ ठेचून मोठे कुंचले केले. ते माझ्या मुंबईच्या ब्रशांपेक्षा बरे चालले, हे कबूल करायला मला फार जड गेलं.

डोंगर झाला, झाड झालं. मध्ये पांढरी मोकळी जागा राहिली, दीड पुरुष उंच.

बाई काढायची तर बाई समोर हवी. आणि अशी बाई पंचक्रोशीत एकच होती. मी स्वतःला चार दिवस फसवलं, की नुसतं बसणं बघतो, नुसते हात बघतो. आत्या दुपारी मागच्या अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसे. तिथं कुणी येत नसल्यानं पदर खांद्यावर पडलेला असे. मी खिडकीच्या फटीतून पेन्सिलीनं काढू लागलो, मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. चोरासारखं. मनाला समजावलं, की सहा कोसांवरच्या खेड्यात तिला कोण बघणार आहे? शिवाय चिठ्ठीत म्हातारी म्हटलंय. मी तिचं वय वीस वर्षांनी वाढवलं. गाल आत ओढले, हनुवटी पुढे आणली, डोळ्यांखाली सुरकुत्या घातल्या, भाऊंच्या इच्छेप्रमाणे अंग जरा भरलं. आता ती आत्या उरली नाही, असं मी ठरवून टाकलं. आलवणाला हिरमंजीचा तांबडा रंग लावला, भरपूर, चार हात देऊन.

खोटं कशाला बोलू, ते चित्र मी आयुष्यात काढलेलं सर्वांत चांगलं चित्र होतं. वाळल्यावर मी हॉलच्या दारापर्यंत मागे गेलो, वळून पाहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

मंडईच्या दिवशी पडदा वेळूवर गुंडाळून गाडीत घातला. निघताना पाहतो तर आत्या धुतलेलं आलवण नेसून, पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर उभी. भाऊंच्या बायकोनं तिला मंडईला बोलावलं होतं आणि ती येते म्हणाली होती. मी म्हटलं, 'तुला त्रास होईल, माणसं फार असतात.' ती म्हणाली, 'तिथं मी नवस केलेली बाई आहे. मला काय होतंय?' चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती आपण होऊन घराबाहेर पडत होती. मी काय सांगणार? गाडीत पडद्याला टेकून ती बसली आणि वाटभर दोन्ही बाजूंच्या पिकल्या धानाकडे बघत राहिली. पडदा उघडला की ती मागे बायकांत असेल, डोळेही तिचे अधू आहेत, असं काहीबाही मी मनाशी घोकत होतो.

तिसऱ्या प्रहरी मांडवात पडदा टांगला. नाटक रात्री, पण आधी गावानं पडदा पाहायचा अशी पद्धत. सगळं गाव गोळा झालं. भाऊंनी दोर सैल केला आणि पडदा वरून खाली उलगडू लागला. आभाळ आलं. माणसं हुंकारली. डोंगर आला, मोहाचं झाड आलं, कुणीतरी वा म्हणालं. मग ते डोकं आलं.

आवाज बंद झाला. पडदा जमिनीपर्यंत आला तरी कुणी बोलेना. बायकांनी तोंडाला पदर लावले. भाऊंच्या हातातून दोर सुटला. ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'मास्तर, हे कोन होय?'

'म्हातारी बोडी,' मी म्हणालो. अजून मला अभिमानच होता.

भाऊंनी माझा दंड धरला. मला वाटलं आता मार बसतो. त्यांनी मला देवळाच्या मागे नेलं, मातीच्या एका लांबलचक बांधावर, त्यांच्या भाषेत पाळीवर, चढवलं आणि पलीकडे बोट दाखवलं. पलीकडे पाणी होतं. काठोकाठ भरलेलं, कडेला शिंगाड्याचे वेल, मधोमध बगळे. पाळीच्या खालच्या अंगाला नजर जाईल तिथवर धान.

'हे बोडी,' ते म्हणाले. 'बोडी म्हनजे पानी होय, मास्तर. तुमच्याकडं तळं म्हनत असन. आमच्या पाच बोड्या हायेत, हे साऱ्यात जुनी म्हनून म्हातारी. दोन वर्सांआधी हिची पाळ फुटली, साऱ्या गावानं माती वाहून बांधली. म्हनून पडद्यावर पायजे होती.'

मी पाळीवरच बसलो. भरलेली दाखवा. उन्हाळ्यात पाहवत नाही. आमचं समदं तिच्यावरच हाय. एकेक वाक्य परत येऊन कानाखाली वाजत होतं. मी भाऊंना माझ्याकडचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांना तो कळायलाच वेळ लागला. कळल्यावर ते हसले नाहीत. 'बाईले पानी म्हनते अन् पान्याले बाई,' एवढंच पुटपुटले आणि मग म्हणाले, 'पन केस काऊन काढता तुमी?' मी उठलो आणि पाळ उतरू लागलो.

मांडवात परत आलो तर गर्दी दुभंगली होती आणि मध्ये आत्या पडद्याकडे चालत निघाली होती. पदर खांद्यावर पडलेला, तिला त्याची शुद्ध नव्हती. चित्रातली बाई तिच्या दुप्पट मोठी. ती अगदी जवळ गेली, मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पायाखाली जमीन असेल तर तिनं आता मला पोटात घ्यावं, असं मला झालं होतं.

ती वळली आणि म्हणाली, 'तू माझ्या आईला कधी पाहिलंस?'

आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. तिचा फोटो नाही, काही नाही. आजोबा लवकर गेले होते आणि आजीही अशीच तांबड्या आलवणात म्हातारी झाली होती, एवढं मी ऐकून होतो. आत्याचे डोळे भरून आले होते आणि त्यात आनंद होता. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, 'आत्या, ती तू आहेस. मी फक्त वय वाढवलंय.'

तिनं हात उचलला आणि स्वतःची हनुवटी चाचपली. मग गाल. मग डोक्यावरून हात मागे मानेपर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. तिला इतकं हबकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

'तुला एकच गोष्ट सांगितली होती,' ती म्हणाली. आणि मग, 'झाक ते.'

पुढलं सगळं मी तापात असल्यासारखं केलं. मंडईतल्या दुकानांमधली होती नव्हती तेवढी नीळ भाऊंनी गोळा करून आणली. डिंक होता, खडू होता. मी शिडीवर चढलो आणि डोक्यापासून सुरुवात केली. पण धावड्याचा डिंक पाण्यानं पुन्हा सुटतो, हे मी विसरलो होतो. निळा हात मारला की खालची हिरमंजी विरघळून वर येई. चार हातांचं ते आलवण काही केल्या बुडेना. तिसऱ्या हातानंतरही पाण्यात तांबूस झाक राहिलीच. मी हतबल होऊन खाली भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, राहू द्या, दिवस बुडताना बोडी अशीच दिसते. मग मी पाळ काढली, शिंगाड्याचे वेल काढले, दोन बगळे काढले. लोकांनी आपली बोडी ओळखली आणि मांडवात पुन्हा आवाज सुरू झाला.

हे चालू असताना आत्या खांबाशी बसून होती आणि भाऊंची बायको तिच्या शेजारी. मी शिडीवर, पाठमोरा. त्या बाईनं चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, 'किती वर्साचा नवस होय, बाई, तुमचा?'

'चाळीस,' आत्या म्हणाली.

'चाळीस वर्सं? मंग फिटला असन ना आता.'

माझा कुंचला हवेतच थांबला होता, तो मी पुन्हा पाण्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रंक उघडली, सदऱ्यांच्या घडीखालून आरसा काढला आणि मागच्या अंगणात उजेडाला जाऊन बसली. मी तो कुठं लपवतो हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशी खूप वेळ तांदूळ निवडायचे राहिले. आत आल्यावर तिनं आरसा खिडकीत उभा करून ठेवला आणि म्हणाली, 'आई अशीच गेली, बोडक्या डोक्यानं.'

महिना भरत आला तेव्हा सवयीनं मी न्हाव्याला निरोप धाडला. तो मागच्या दारानं आला, पिशवी ठेवली, मान फिरवून उभा राहिला. आत्या दारात आली. डोक्यावर अर्ध्या पेराएवढे पांढरे केस आले होते, इतके दिवस एका घरात राहून मी ते पाहिलेच नव्हते. ती म्हणाली, 'आता येऊ नका. नवस फिटला.'

न्हाव्यानं पहिल्यांदाच मान वळवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. 'बरं झालं, बाई,' तो म्हणाला. 'मले वाटे, तुमीच बोलावता.'

आत्यानं नाही म्हणून मान हलवली. मग ती दोघंही माझ्याकडे बघू लागली.